मायच्या औषधाची बाटली

परवा शाळेत आमच्या नव्या शिक्षिकेनं पर्समधून पेनाएवढी एक नळी काढून मला दाखवली. पापण्या वाढवायचं औषध. मोबाइलवर जाहिरात बघून मागवलेलं. तिचं लग्न ठरलंय, साखरपुडा दीड महिन्यावर आलाय. "ताई, लावू का हो? सगळ्याच लावायल्यात," असं म्हणत ती टोपण फिरवत होती. मी ती नळी तिच्या हातातून ओढूनच घेतली. "डोळ्याच्या डॉक्टरला विचारलंस? न्हाई ना? मग फेक आधी." बाकीच्या बाया डब्याचं झाकण हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण एवढ्याशा नळीवरून एवढं काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. कारण मी सांगितलं नाही. ते मी आजवर एकाच माणसाला सांगितलंय.

मी लातूरची सून, माहेर उमरीजवळच्या खेड्यातलं. घरी शेती, कापूस आणि हळद, डोक्यावर थोरला भाऊ, वहिनी आणि माय. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. मी एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि लग्न जमेस्तोवर घरीच बसले. दिसायला मी काही वाईट नव्हते. डोळे तर घारे होते, थेट मायचे. पण लहानपणी पापण्यांना सारखे फोड यायचे, खपल्या धरायच्या आणि खपलीबरोबर केस निघायचे. ते परत नीट आलेच नाहीत. नुसते घारे डोळे, वर झालर नाही. गावात मला बोडक्या डोळ्याची म्हणायचे. लहानपणी मी त्यावरून दोघींना धरून बडवलंय.

पण बघायला आलेल्या पाहुण्यांना कसं बडवणार? चार जागा आल्या आणि गेल्या. देगलूरच्या जागेच्या वेळी मुलाची आत्या माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पण डोळे कसे उघडे पडल्यावानी दिसतात." मी मान खाली घालून बसलेली. आतून असं वाटत होतं की हातातला ट्रे तिच्या डोक्यात घालावा. पाहुणे गेल्यावर वहिनी म्हणाली, "मनावर घेऊ नका." मनावर घेऊ नका म्हणायला काय जातं? त्या वर्षी मी एकोणतीस वर्षं पूर्ण केली होती आणि घरातल्या घरात मला जागा पुरेनाशी झाली होती. स्वयंपाकघरात गेलं की वहिनी, ओसरीवर गेलं की दादाकडे आलेली माणसं, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, यंदा तरी जमंल का.

मायला तेव्हा काचबिंदू निघून वर्ष झालं होतं. डाव्या डोळ्यातला दाब वाढलेला होता, म्हणून नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यात रोज एक थेंब घालायला सांगितलं होतं. विसरू नये म्हणून माय ती बाटली देवाच्या फळीवर ठेवायची. संध्याकाळी दिवा लावला की थेंब, असा तिचा नेम. सहा-सात महिन्यांत गंमत झाली. मायच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या वाढायला लागल्या. लांब, काळ्याभोर, टोकाला वळलेल्या. उजव्या डोळ्याच्या तशाच पांढुरक्या, विरळ. वहिनी तर हसून हसून बेजार. "सासूबाईचा एक डोळा म्हातारीचा आन् एक नवरीचा." मायही हसायची. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हे औषधच तसं आहे, पापणी वाढते, डोळ्याचा रंगही बदलू शकतो. खरंच, मायचा डावा घारा डोळा हळूहळू तपकिरी पडत चालला होता. त्यावर कुणी लक्ष दिलं नाही. पासष्टीच्या बाईच्या डोळ्याचा रंग कोण बघतो?

मी मात्र पापण्या बघत होते.

पहिल्यांदा बाटली घेतली ती श्रावणात, दुपारी, माय शेतावर गेलेली असताना. देवाच्या फळीवरून चोरी करत होते, पण हात थांबला नाही. करंगळीच्या टोकावर एक थेंब घेतला आणि काजळ घालतात तसा खालच्या पापणीच्या आतून ओढला, मग वरच्या. आम्हा बायांचा हात डोळ्याकडे गेला की काजळ घालायलाच जातो, त्याला दुसरं काही येतच नाही. औषध आतून घालायचं की बाहेरून, किती घालायचं, मला घालायचं तरी का, हे कुणाला विचारणार? डोळ्यात चुरचुरलं, पाणी आलं, गालावर ओघळलं. मी पदरानं पुसलं आणि बाटली होती तशी ठेवली. दुसऱ्या दिवशी परत.

दिवाळीपर्यंत फरक दिसायला लागला. आधी मऊ लव आली, मग केस. आरशात बघून मी रडलेय, खोटं का सांगू. डोळे तोवर लाल राहायला लागले होते, कडा खाजायच्या, पापणीची कातडी काळवंडली होती. थेंब गालावर ओघळायचा तिथंही बारीक लव आली. कातडी काळी पडली तर मला वाटलं, बरंच झालं, काजळ घालायला नको. माणसाला पाहिजे ते मिळायला लागलं की बाकीचं दिसत नाही, त्यातली गत.

पण बाटली लवकर संपायला लागली. नांदेडहून औषध दादा आणायचा. माय म्हणाली, "संपली रे." दादा चिडला. "आत्ता तर आणली. तू डोळ्यात घालतीस का उशीवर सांडतीस?" माय ओशाळली. म्हणाली, "हात हालतोय माझा, सांडत असंल." मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. नाही उघडलं.

उलट पुढं जे केलं ते ऐका. नवी बाटली आली. चारेक आठवड्यांनी ती खाली गेलेली दिसली, तेव्हा मी तिच्या तोंडावरचं थेंब पाडायचं प्लास्टिकचं बूच सुरीच्या टोकानं उचकटलं आणि आत उकळून गार केलेलं पाणी घातलं. मायला बोलणी बसू नयेत म्हणून घातलं, असं मी स्वतःला समजावलं. दूधवाल्याला आम्ही पिढ्यान् पिढ्या शिव्या घालत आलोय, आणि मी आईच्या डोळ्याच्या औषधात पाणी घातलं. एकदा नाही. मार्गशीर्षापासून पुढं प्रत्येक बाटलीत घातलं.

मार्गशीर्षातच लातूरची जागा आली होती. मुलगा खाजगी शाळेत शिक्षक, घर साधं, माणसं मोकळी. सासूबाईंनी मला बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "पापण्या बघा पोरीच्या, कसल्या दाट. काही लावलेलं न्हाई बरं का, अस्सल हाय." चारचौघांत बोलल्या. दादाची छाती फुगली. वहिनीनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं, पण जमत आलेल्या लग्नात कोण कशाला बोलेल? कुंकवाचा कार्यक्रम झाला, फोटो निघाले, वैशाखातली तारीख धरली. त्या दिवसापासून मी अडकले. थेंब थांबवले तर महिना-दोन महिन्यांत पापण्या गळणार आणि लग्नात मी बोडक्या डोळ्यांनी उभी राहणार. घालत राहिले तर मायच्या बाटलीत पाणी. रोज दुपारी फळीसमोर उभी राहून मी म्हणायचे, उद्यापासून बंद. आणि करंगळी पुढं करायचे.

फाल्गुनात मायला तपासणीला नेलं. दादा, माय आणि मी. दवाखान्यात तिला एका यंत्रासमोर बसवलं, कुठंही दिवा चमकला की बटण दाबायचं. माय बटण हातात धरून बसली आणि कितीतरी वेळ दाबलंच नाही. मला वाटलं तिला कळलं नसेल. मग कागद आला. त्याच्यावर डाव्या बाजूला काळे ठिपके, दाट, एकाला एक लागून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाब बराच वाढलाय. बाजूचं दिसायचं कमी झालंय आणि जे गेलं ते परत येत नाही. मावशी, थेंब रोज घालता ना?"

"रोज. देवाजवळ दिवा लावला की."

"एकही दिवस चुकला नाही?"

"न्हाई बाई."

दादाचा पारा चढला. "खोटं बोलू नको माय. रोज घातलं असतं तर असं झालं असतं का? आम्ही मरमर मरून औषध आणायचं आन् तू टाळायचं." सगळ्या पेशंटसमोर बोलला. माय मांडीवरची पिशवी उगंच सरळ करत राहिली. मी तिच्या शेजारी बसले होते, माझा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता, आणि मी कागदावरचे ठिपके बघत राहिले. त्या वेळची माझी मलाच इतकी किळस येते की लिहितानाही हात थांबतोय.

दादा चिठ्ठी घेऊन खाली औषधाच्या दुकानात गेला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, खुर्ची जवळ ओढली आणि बॅटरी माझ्या डोळ्यावर धरली.

"तुम्ही काय घालता डोळ्यात?"

"एरंडेल तेल."

"एरंडेलानं असं होत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "कडा काळ्या पडल्यात, डोळे लाल आहेत, बुबुळाचा रंग बदलायला लागलाय. तो आता परत यायचा नाही. हे औषध ज्याला काचबिंदू आहे त्याच्यासाठी आहे. पापणीसाठी कुणाला द्यायचंच असलं तर डोळे तपासून आम्ही देतो, आणि तेही वरच्या पापणीच्या मुळाशी लावायला. डोळ्यात घालायला नाही. दुसऱ्याच्या बाटलीतलं तर कधीच नाही. बाटली एकदा उघडली, तिच्यात काही गेलं की जंतू होतात. डोळा जातो."

मी मान डोलावली. माय सरळ समोर बघत होती. तिला ऐकू गेलं की नाही ते मला कळेना.

नांदेडच्या स्टँडवर उमरीची गाडी लागली. जागा धरायला दादा खिडकीतून टॉवेल टाकायला पळाला. आम्ही दोघी खांबाजवळ उभ्या. माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी उकळून घातलंस का तसंच?"

मी म्हटलं, "उकळून."

"मग बरं."

मीच विचारलं, "तुला कसं कळलं?"

"औषध घातलं की जरा वेळानं घशात कडू लागतंय. पौषापासून लागंना गेलं." आज दूध पातळ आलंय असं सांगावं, तसं ती हे सांगत होती. "आन् तुझे डोळे. माझ्या डाव्या डोळ्यावानी व्हायलेत. मला न्हाई कळणार तर कुणाला?"

"मग बोलली कामून न्हाईस, माय? नवी बाटली मागायची होती."

"मागितली असती तर तुझ्या दादानं हिशेब केला असता. कुठं गेली म्हणला असता. चार जागा गेल्या, ही एक आली. थोडं तरी औषध असंल की त्यात, म्हटलं. चालंल."

मी म्हटलं, मी आत्ता दादाला सांगते, डॉक्टरीणबाईला सांगते, आणि आजपासून थेंब बंद. तिनं माझं मनगट धरलं. बांगडी रुतेल इतकं घट्ट धरलं. "बंद करशील आन् लग्नात पापण्या गळलेल्या घेऊन उभी राहशील. मग माझा डोळा गेला तो कशाला गेला? जायचं ते गेलं बाई. आता वाया घालवू नको."

दादा खिडकीतून हाका मारत होता. आम्ही जाऊन बसलो. ती खिडकीजवळ, मी मधी, दादा कडेला. मला उमरीपर्यंत हलता आलं नाही.

मायनं दादाला सांगून दोन बाटल्या आणवल्या. एक फुटली-बिटली तर असावी म्हणून, असं सांगितलं. त्यातली एक देवाच्या फळीवर ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली. "ही तुझी. फळीवरच्या बाटलीला हात लावायचा न्हाई." आधी मी चोरून घालायचे, तेव्हा निदान मनात आलं की थांबता तरी आलं असतं. आता तिनं दिलेलं होतं. रोज घालावंच लागलं. कुणी इतक्या मायेनं फास आवळला तर सुटायचं कसं, मला आजही माहीत नाही.

लग्न झालं. पापण्या दाट होत्या, डोळे आगीसारखे जळत होते, फोटोत मी सुंदर दिसते. निघायच्या वेळी मी मायच्या पाया पडायला गेले ती तिच्या डाव्या अंगानं गेले. ती उजवीकडे बघत मला शोधत होती. "कुठं गेली पोरगी?" म्हणाली. मी तिच्या कुशीला लागून उभी होते. म्हटलं, "इकडं, माय, डावीकडं." तिनं सगळी मान वळवली तेव्हा मी तिला सापडले. लोकांना वाटलं, आई रडतेय म्हणून दिसेना. मला ठाऊक होतं का दिसेना ते.

लातूरला माझी बाटली महिन्याभरात संपली. दुसरी मागायला तोंड नव्हतं आणि इच्छा तर त्याहून नव्हती. दसऱ्यापर्यंत पापण्या होत्या तिथं आल्या. सासूबाई हळहळल्या. "लातूरचं पाणी सोसंना सुनेला," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं, आणि त्या माझं डोकं धुवायला लांबून गोडं पाणी मागवून ठेवायच्या. ज्या गावात पिण्याच्या पाण्याची बोंब, तिथं माझ्या पापण्यांसाठी पाणी येत होतं. मी ते मुकाट्यानं डोक्यावर ओतून घेतलं. गळलेल्या पापण्या कळल्या, पण बुबुळाचा रंग मात्र कुणाला कळलाच नाही. तो तपकिरीच राहिला.

दोन वर्षांनी असह्य झालं तेव्हा नवऱ्याला सगळं सांगितलं. कॉलेजातला जुना फोटोही दाखवला, घाऱ्या डोळ्यांचा. तो बराच वेळ फोटो बघत बसला. मग म्हणाला, "मी तुला बघायला आलो तेव्हा तुझ्या डोळ्यांकडे बघितलंच नव्हतं गं. तुझं बी.एड. झालंय म्हणून आईला आधीच हो म्हणालो होतो." चांगला माणूस आहे. मला बरं वाटावं म्हणूनच बोलला असणार. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

आता तीन वर्षं झाली, माय माझ्याकडे लातूरलाच असते. डाव्या डोळ्यानं तिला फक्त समोरचं, ताटाएवढं दिसतं. उजव्यातही थेंब सुरू झालेत. दादा आला की अजून म्हणतो, "वेळेवर औषध घातलं असतं तर ही पाळी आली नसती." आणि माय म्हणते, "चुकलंच माझं." मी तोंड उघडलं की ती माझ्याकडे बघते, त्या दोन वेगवेगळ्या काळवंडलेल्या डोळ्यांनी, आणि मी पाणी आणायला आत जाते. तिनं मला बजावलंय, "मी हाय तवर बोलायचं न्हाई. तुझ्या माहेराला तूच कुलूप घालशील."

त्या नव्या शिक्षिकेला मात्र मी उद्या सगळं सांगणार आहे. मायला न विचारता.

संध्याकाळी दिवा लावला की मायला थेंब मीच घालते. इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय, थेंब घातला की डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही, डोळ्यातच राहतं. मी किती वेळा सांगितलं, चिडूनही सांगितलं. ती दाबत नाही. मी बोट न्यायला लागले की माझा हात बाजूला करते.

"दाबलं तर मला कळायचं कसं?" म्हणते.

मग मी बाटलीचं टोपण लावून तिच्यासमोर बसून राहते. ती डोळे मिटून थांबते. एकदा गिळते, परत गिळते.

"आलं कडू," म्हणते, आणि मग मला उठता येतं.